नेलेचा माशीसोयरा

आमच्या लेपिनाय गावात मधमाशी कोणी विकत नाही. मध विकतात, मेण विकतात, माश्या पाळायचा पोकळ, रिकामा ओंडकासुद्धा विकतात. पण माशीला किंमत लावली की ती जगत नाही, असं आम्ही मानत आलो. उन्हाळ्याच्या तोंडाला एखाद्याच्या ओंडक्यातून मोहोळ उठतं आणि दुसऱ्याच्या झाडावर जाऊन लटकतं. ज्याच्या झाडावर बसलं, त्याचं झालं. मात्र त्या दिवसापासून ती दोन घरं माशीसोयरी होतात. मध एकत्र काढायचा. एकमेकांच्या अंगणात हाक न देता जायचं. आणि थंडीत मेलेल्या माश्या बर्फ वितळल्यावर पुरायच्या, तेव्हा दोन्ही घरांनी मूठ मूठ माती द्यायची. सख्खे भाऊ भांडले तर गाव हसतं. माशीसोयरे भांडले तर माश्या दोन्ही घरं सोडून जातात.

पेत्रोनेलेला सगळं गाव नेले म्हणायचं. ओढ्याकाठी, लिंडेनच्या मोठ्या झाडाजवळ तिचं घर. नवरा झाड तोडताना गेला, मूल झालं नाही. एका पायाने ती जरा लंगडायची आणि जिभेने मुळीच लंगडायची नाही. लढाईच्या आधी तिचं एक मोहोळ उडून कुंपणापलीकडे झिग्मासच्या नासपतीवर बसलं. झिग्मास तेव्हा नुकताच लग्न झालेला, उंच, लाजरा गडी. राय धान्याची ताजी भाकरी फडक्यात बांधून तो नेलेच्या दारात आला.

"मावशी, तुझ्या माश्या माझ्याकडे नांदायला आल्या."

"नांदव मग नीट. तुझ्या बायकोसारखं उपाशी नको ठेवूस. केवढीशी झालीय ती!"

अशी त्यांची सोयरीक झाली.

नेलेचं मेण बाजारगावचा हिर्श घ्यायचा. तो ज्यू होता, गाडी घेऊन गावोगाव हिंडायचा. मेणाचा तुकडा तोडून दाताखाली धरायचा, डोळे मिटून चघळायचा.

"नेले, ह्यात चरबी मिसळलीस तर मला कळतं हां."

"डुकराची चरबी तुझ्या तोंडात घालून मी नरकात जाऊ होय? गप गाडीत टाक ते मेण."

कधी त्याच्याबरोबर बायको फ्रूमा असायची आणि त्यांची लहानगी गितेल. नेले त्या पोरीच्या हातावर पोळ्याचा तुकडा ठेवायची. पोर मध खाऊन मेण बापाच्या खिशात ठेवायची, धंद्यासाठी.

जर्मन आले त्या उन्हाळ्यात बाजारगावच्या सगळ्या ज्यूंना पाइनच्या जंगलात नेलं. खड्डे आधीच खणून ठेवले होते. नेणारे सगळेच जर्मन नव्हते. जर्मनांच्या हाताखाली पोलीस झालेली, दंडाला पांढरी पट्टी बांधलेली आमची पोरंही होती. झिग्मासने कोणावर गोळी झाडली नाही, असं त्याची बायको ऊरशुले शेवटपर्यंत सांगत राहिली, आणि ते खरं असावं. तो रस्त्यावर बंदूक घेऊन उभा होता. कोणाची गाडी जंगलाकडे जाऊ नये आणि कोणी जंगलातून रस्त्यावर येऊ नये, एवढंच त्याचं काम. आवाज आमच्या गावापर्यंत येत होते. बायकांनी खिडक्या लावून घेतल्या. नंतर पिसांच्या गाद्या, घड्याळं, शिवणयंत्रं आमच्या गावातही आली. कोणाकडे आली ते इथं सांगत नाही. ज्याला माहीत असायला हवं त्याला माहीत आहे.

त्यानंतरच्या एका सकाळी नेले ओंडक्यांकडे गेली तर बार्लीच्या शेताच्या कडेला फ्रूमा बसलेली. मांडीवर गितेल. माश्या दोघींच्या अंगाखांद्यावर फिरत होत्या आणि दोघी हलत नव्हत्या.

"हिर्श म्हणायचा, तुझं मेण दाताला चिकटत नाही," फ्रूमा म्हणाली. एवढंच म्हणाली.

नेलेने इकडेतिकडे पाहिलं. "उठ. पोरीचं तोंड फडक्याने झाक. माझ्यामागून ये."

आमच्याकडची थंडी माशीला बाहेर सोसत नाही. बर्फाच्या आधी ओंडके तळघरात नेतात. अर्धं जमिनीत, वर गवताचं छप्पर, एकच दार. ते दार हिवाळाभर कोणी उघडत नाही. आत उजेड शिरला, धक्का बसला तर माश्या जाग्या होतात, जागी झालेली माशी मध संपवते आणि मरते. चोरसुद्धा त्या दाराला हात लावत नाही. नेलेने तळघराच्या मागच्या अंगाला फळ्या ठोकल्या, वर माती लिंपली. फळ्यांमागे दोघी झोपतील एवढी जागा झाली. हवेसाठी छपरात मनगटाएवढं एक भोक. सापडल्या तर तिघींना एकाच भिंतीशी उभं करतील, हे नेलेला ठाऊक होतं. तिच्या चेहऱ्यावर त्याचा मागमूस नव्हता.

उकडलेले बटाटे, दही, बिटाचं सार ती रात्री, दिवा न लावता, दार जरासं किलकिलं करून एका सैल फळीतून द्यायची. पहिल्यांदा सवयीने तिने बटाटे चरबीत परतले. फ्रूमाने वास घेतला आणि भांडं बाजूला ठेवलं.

"अगं बाई," नेले कुजबुजली, "तुमचा देव ह्या बिळातसुद्धा बघतो का?"

"उन्हाळ्यात त्याने डोळे मिटले होते," फ्रूमा म्हणाली. "आता उघडले असतील तर काय सांगावं."

पुढे नेले जवसाच्या तेलात परतू लागली. चरबीपेक्षा ते महाग. तरी चडफडत का होईना, परतत राहिली.

दुसऱ्या हिवाळ्यात गितेलला खोकला लागला. तळघराच्या दाराला कान लावला तर माश्यांची एक हलकी गुणगुण ऐकू येते, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. त्या गुणगुणीमधून खोकला उठायचा. फ्रूमा पोरीचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरायची. नेलेने मध दिला, लिंडेनच्या फुलांचा काढा दिला, हंसाची चरबी छातीला चोळली. ती डुकराची नव्हे, म्हणून फ्रूमाने चोळू दिली. खोकला हटेना. डॉक्टर आणायचा म्हणजे तिघींचा जीव त्याच्या हातात द्यायचा. म्हणून नेले बाजारगावच्या कंपाउंडरकडे गेली.

"कोणाला खोकला?"

"मला."

"खोकून दाखव बघू."

नेलेने खोकून दाखवलं.

"तुझी छाती घोडीची आहे, नेले. हा खोकला नव्हे, नाटक आहे. दारूला पैसे हवेत म्हणून औषध घेऊन विकतेस काय?"

"विकते. दे लवकर."

त्याने हसत पुड्या दिल्या. त्या पुड्यांनी काही झालं नाही. बर्फ अजून गुडघाभर असताना गितेल गेली. आवाज न करता गेली, म्हणजे तिला जे शिकवलं होतं तसंच.

फ्रूमाला तिला त्याच दिवशी मातीत ठेवायचं होतं, त्यांच्यात तसंच करतात. जमीन दगडासारखी गोठलेली. कुदळ लागली की ठिणगी उडायची. पोरीला स्वच्छ तागाच्या कापडात गुंडाळून त्या दोघींनी तळघरातच गवताखाली ठेवलं, ओंडक्यांच्या पलीकडे. एका बाजूला माश्या, एका बाजूला आई. वसंत यायची वाट पाहत फ्रूमा बसून राहिली. त्या दिवसांत ती काही बोलली असेल तर ते नेलेने कोणाला सांगितलं नाही.

अखेर माती भुसभुशीत झाली. नेलेने विचार केला. अंधारात खणणाऱ्या बाईवर गाव संशय घेईल. दिवसाउजेडी लिंडेनखाली खणणारी बाई मेलेल्या माश्या पुरते आहे, एवढंच दिसेल. तिने ओंडके बाहेर काढले, तळाच्या मेलेल्या माश्या झाडून टोपलीत भरल्या. हातगाडीवर आधी ते तागाचं गाठोडं, वर गवत, गवतावर माश्यांचा थर. आणि खणू लागली. फ्रूमा फळ्यांमागेच राहिली. तिला येता आलं नाही.

सगळं बरोबर होतं. एक गोष्ट नेले विसरली. सोयऱ्याला निरोप धाडायची.

झिग्मासने कुंपणापलीकडून पाहिलं आणि त्याला राग आला. खांद्यावर फावडं टाकून तो सरळ अंगणात शिरला, सोयऱ्याच्या हक्काने. दंडाला पांढरी पट्टी होतीच.

"वा मावशी! मला न सांगता माती देतेस? मी मेलो की काय? की आता तुला पोलिसातला सोयरा चालत नाही?"

"तू कामात असशील म्हटलं."

"माश्यांपेक्षा मोठं काम कुठलं? सरक." तो खड्ड्यात उतरला आणि थांबला. खड्डा त्याच्या मांडीपर्यंत आला होता. "एवढा खोल? माश्यांना?"

त्याने हातगाडीकडे पाहिलं. हात घालून माश्या बाजूला सारल्या, गवत सारलं. तागाच्या कापडातून केसांची एक बट बाहेर आली होती.

"कोणाचं?"

"हिर्श मेणवाल्याचं."

झिग्मासने टोपी काढली. काढायची म्हणून काढली नसावी, हात आपोआप गेला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आई कुठं आहे?"

खोटं बोलायला तिच्याकडे शब्द होते. ती जंगलात गेली, ती मेली, मला हे पोर वाटेत सापडलं. नेलेने त्यातलं काही म्हटलं नाही.

"तुझ्या सोयऱ्याच्या घरात आहे," ती म्हणाली. "जा, सांग जाऊन."

झिग्मास खड्ड्यातच उभा राहिला. मग त्याने हात पसरले. नेलेने गाठोडं त्याच्या हातांत दिलं, त्याने ते खाली ठेवलं, वर आला, हातगाडीवरच्या माश्या वर ओतल्या. नेलेने मूठ टाकली. त्याने मूठ टाकली. मग फावड्याने सगळं बुजवून, पाठ न वळवता कुंपणापर्यंत मागे मागे चालत गेला.

त्यानंतर तो तिच्या अंगणात आला नाही. नेले रोज वाट पाहायची, ट्रकच्या आवाजाची. बटाटे सोलताना सुरी थांबायची. तो सांगेल का, दारूच्या भरात बोलेल का, बायकोला तरी बोलेल का? उन्हाळा गेला.

पानं गळताना बाहेरगावची शिपायांची टोळी आली, घरोघर झडती घेत. वाट दाखवायला झिग्मास होता. नेलेने नुकतेच ओंडके आत ठेवले होते. म्होरक्याने तळघराच्या दाराला लाथ मारली.

"ह्यात काय?"

"माश्या," झिग्मास म्हणाला. "तिच्या आणि माझ्या. सामाईक."

"उघड."

"उघडतो. तुमच्यापैकी कोणाकडे तोंडाची जाळी आहे का? नाही? मग मी जरा कुंपणापलीकडे उभा राहतो. आत्ता त्या चिडलेल्या असतात. मागे आमच्या पाद्रीबुवांचा घोडा मारला होता."

शिपाई हसले. म्होरक्या हसला नाही, पण त्याने पाय मागे घेतला. "मधवेडे लेकाचे," म्हणून थुंकला आणि पुढच्या घराकडे वळला. झिग्मास सर्वांत शेवटी निघाला. जाता जाता नेलेजवळ थांबून हळूच म्हणाला, "फिटलं ना, मावशी?"

नेले म्हणाली, "हे फिटलं. जंगलाकडचा रस्ता राहिलाय."

रशियन आले तेव्हा फ्रूमा उजेडात आली. तिला डोळे उघडता येत नव्हते, चालताना भिंत धरावी लागे. तिने लिंडेनखाली बसून आपली प्रार्थना म्हटली. त्याच महिन्यात झिग्मासला धरून नेलं. ऊरशुले धावत आली आणि नेलेच्या पायांवर पडली.

"मावशी, तू सांग त्यांना. ह्या बाईला सांगू दे. ती जिवंत आहे ती माझ्या माणसामुळे! सोयरा आहे तो तुझा!"

नेलेने फ्रूमाकडे पाहिलं. फ्रूमा आपल्या हातांकडे बघत होती.

"मी आहे ते त्याच्यामुळे, हे खरं," ती म्हणाली. "हिर्श नाही, त्यातही तो होता. मला ह्यातलं एकच सांगता येणार नाही, आणि दोन्ही सांगायचं बळ नाही." दोन दिवसांनी ती एका गाडीत बसून गेली. पोरीला हलवू नको, एवढं सांगून गेली. तिची पुन्हा काही खबर आली नाही.

नेले एकटी बाजारगावला गेली, लंगडत. रशियन साहेबासमोर उभी राहिली. झिग्मासने तिच्या तळघराचं दार कसं राखलं ते तिने सांगितलं. मग त्या उन्हाळ्यात तो रस्त्यावर कुठं उभा होता तेही सांगितलं, कारण साहेबाने विचारलं.

"म्हातारे, ह्यातलं कुठलं धरू?"

"दोन्ही. मी दोन्ही बघितलंय."

झिग्मासला उत्तरेला धाडलं, लाकडं तोडायला. तिथंच तो गेला. नेलेने अर्धंच सांगितलं असतं तर तो सुटला असता का? ऊरशुले म्हणायची, सुटला असता. दुसरे म्हणायचे, त्या काळात कोणीच सुटत नव्हतं. देवळाच्या पायरीवर ऊरशुले नेलेच्या तोंडावर म्हणाली, "सोयऱ्याला खाल्लंस तू!" आणि गाव ऊरशुलेकडे झालं. नेलेने ज्यू लपवले होते हे आता सगळ्यांना कळलं होतं, आणि फुकट कोण लपवतं? म्हातारीने सोनं घेतलं असणार. एका रविवारी ती प्रार्थनेला गेली असताना कोणीतरी लिंडेनखाली खणलं. त्यांना जे सापडलं त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. घाईघाईने बुजवून गेले. नेले परत आली, उलटलेली माती पाहिली आणि तिथंच बसली. संध्याकाळी तिने हातांनी माती सारखी केली आणि तिच्यावर एक माश्यांनी भरलेला ओंडका आणून उभा केला. त्यानंतर तिथं कोणी हात लावला नाही.

पुढेही तिच्याकडची मोहोळं उठायची, कोणाच्या तरी सफरचंदावर जाऊन बसायची. झाडाचा मालक भाकरी घेऊन तिच्या दारात येत नसे. फांदी हलवून, धूर करून हाकलून देई. तिची सोयरीक कोणालाच नको होती. झिग्मासच्या नासपतीखालचा ओंडका कधीचा रिकामा पडला होता.

दर वसंतात नेले मेलेल्या माश्यांची टोपली घेऊन लिंडेनखाली यायची. कुंपणापलीकडे ऊरशुले कपडे वाळत घालत असायची आणि बघत असायची. नेले टोपली रिती करायची, एक मूठ माती टाकायची. मग कुंपणाकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहायची. कोणी आलं नाही की पुन्हा वाकायची, आणि झिग्मासच्या वाटणीची दुसरी मूठ स्वतःच टाकायची.