नंदीच्या पायाला पाणी

त्या वर्षी तापीला पूर आला नाही. आमच्या घरात मात्र आला.

सारंगखेड्याच्या खालच्या अंगाला, नदीच्या अगदी काठावर आमचं गाव. वरच्या धरणाचे दरवाजे उघडणार अशी बातमी आली की सगळं गाव पुराची वाट बघायला लागतं. वाट बघायची म्हणजे काय करायचं? काही नाही! पारावर बसायचं, तंबाखू मळायची आणि घाटाकडे मान करायची. घाटावर महादेवासमोर एक दगडी नंदी आहे. त्याच्या पायाला पाणी लागलं की सामान उचलायचं, तोवर घरातला चमचाही हलवायचा नाही, ही आमची वहिवाट.

मी जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस. (माझ्या हाताखालून देशातल्या सगळ्या नद्या गेल्या. नकाशातल्या!) मला या अडाणीपणाची चीड यायची. पुराचा बंदोबस्त म्हणे दगडाच्या बैलाकडे!

"रतनभाऊ, सामान कधी हलवणार?" त्या वर्षी धरणाची बातमी आली तेव्हा मी शेजाऱ्याला विचारलं.

"नंदीना पायले पानी लागू द्या, गुरुजी. मंग उचलसूत."

"आणि नंदीच वाहून गेला तर?"

"मंग ते समजीच जाई ना!"

अशा माणसापुढे अक्कल पाजळण्यात अर्थ नव्हता. मी खांडबाऱ्याहून मेहुण्याला बोलावून घेतलं आणि घरचं सामान गच्चीवर चढवायला लागलो. गहू, दादर ज्वारी, गाद्या, टीव्ही, एकेक करून सगळं वर गेलं. शेवटी राहिली बिबड्यांची पत्र्याची पेटी. उन्हाळाभर आमच्या हिने दादर ज्वारीचे पापडासारखे बिबडे लाटून वाळवले होते. आमची वैशाली सुरतला, पहिलटकरीण, आणि तिला डोहाळे लागले होते ते फक्त आईच्या हातच्या बिबड्यांचे.

"मन्ही पेटी आठेच ऱ्हाऊ द्या," ही म्हणाली. "नदी आते कोठे शे!"

"तुला भूगोल कळतो का?"

"भूगोल नही कळस, पन तुम्ही कळतस," ती म्हणाली आणि पीठ मळायला बसली.

मी पेटी वर नेलीच. सगळं सामान कठड्याला टेकवून नीट रचलं, कोपऱ्यात दादरची पोती ठासली, वरून ताडपत्री ताणली. (पाऊसही मी लक्षात घेतला होता!) कोपऱ्यातल्या पोत्यामागे गच्चीचं पाणी जायचं भोक होतं, तेवढं लक्षात आलं नाही.

संध्याकाळी पाऊस कोसळला. मी खाली खाटेवर पडून गावाच्या अडाणीपणावर मेहुण्याचं बौद्धिक घेत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून किंकाळी आली.

"आहो, पूर वना! पूर वना!"

"बघ! मी म्हणत नव्हतो?" मी मेहुण्याला म्हणालो. "कुठून आला गं?"

"वरथुन!"

जिन्यावरून पाणी पायरी पायरी उतरत होतं! मी उघड्या पायांनी रस्त्यावर धावलो आणि 'पूर! पूर!' म्हणून बोंब ठोकली. अख्खं गाव घाटाकडे पळालं. तिथे नंदीचे पाय कोरडे! मग तेच गाव बॅटऱ्या घेऊन आमच्या दारात आलं. रतनभाऊ गच्चीवर चढला. मी खाली उभा राहून त्याला मार्गदर्शन करत होतो. त्याने कोपऱ्यातलं पोतं ओढलं आणि गच्चीवरचं तळं पन्हाळीतून धो धो माझ्या डोक्यावर आलं. लोक इतके हसले की दोघांना ठसका लागला. मेहुणा सगळ्यात जास्त हसत होता!

पेटी उघडली तेव्हा मात्र हसू आलं नाही. उन्हाळाभराचे बिबडे पुन्हा पीठ झाले होते. हिने पेटी मोरीत नेली आणि धुवायला घेतली. मला फार वाईट वाटलं, आणि ती भांडली असती तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी वैशालीचा फोन आला. "आप्पा, बिबडा कव्हय धाडतस?"

"पुरात गेले गं."

"पन पूर तर वनाच नही!"

शेवटी गल्लीतल्या बायकांनी आपापल्या डब्यातले बिबडे आणून पेटी भरून दिली. त्यांचे डबे जागच्या जागी कोरडे होते. कारण नंदीच्या पायाला पाणी लागलं नव्हतं ना! पेटी सुरतला गेली, लेकीचे डोहाळे पुरे झाले, आणि मी गावाला अडाणी म्हणायचं सोडलं.

आता धरणाची बातमी आली की रतनभाऊ घाटावर जात नाही, आमच्या गच्चीकडे बघतो.

"गुरुजी, सामान वर लई ग्यात का?"

"नेलं."

"मंग काही पूर येत नही," म्हणून तो निवांत पारावर जाऊन बसतो. त्याचं बघून सगळं गाव हल्ली तेच करतं. म्हणजे नंदीचं काम आता माझ्याकडे आलं आहे. फरक एवढाच, की नंदीला बायका निदान कुंकू तरी लावतात.