पोकळी न ठेवणारे अलगदराव

घरसामान हलवणाऱ्या कंपनीत त्यांना सगळे अलगदराव म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. कपाट असो, आरसा असो, काचेचं टेबल असो, उचलताना ते "अलगद, अलगद" असं पुटपुटायचे, आणि समोरचं टोक धरलेला जोडीदार कितीही दांडगट असला तरी त्याचाही हात आपोआप हळू व्हायचा.

खोकी भरण्यात तर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांचा नियम एकच. खोक्यात पोकळी राहता कामा नये. पोकळी राहिली की वस्तू हलते, हलली की आदळते, आणि मग घरमालकीणबाईंचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येतो. म्हणून ते कपात मोजे कोंबायचे, भांड्यात भांडं घालायचे, कोपऱ्यात चुरगळलेला कागद ठासायचे. भरलेलं खोकं हलवून त्याला कान लावायचे. आवाज आला नाही, तरच झाकण.

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीला लांबच्या गावी कॉलेजात प्रवेश मिळाला. आधी बस, मग रेल्वेचा मोठा प्रवास, पुढे पुन्हा बस, आणि राहायची खोली वरच्या मजल्यावर. लिफ्ट नाही.

"मी येतो सोबत," अलगदराव म्हणाले. "बॅग कोण उचलणार?"

"मी."

"तू? दप्तर दारातूनच फेकायचीस ना गं पलंगावर?"

"बाबा, पहिल्याच दिवशी मी पुढे आणि मागून बॅग घेऊन बाप, असं मला नकोय. मला एकटीनं जायचंय."

ते पंख्याकडे बघत बसले.

आई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. रांगेतली भांडणं मिटवण्यात तिची हयात गेली होती. तिनं हेही मिटवलं. "हे बघा, बॅग बाबांनी निवडायची आणि बाबांनीच भरायची. उचलायची हिनं. खालच्या दारापासून आपल्या तिसऱ्या मजल्यापर्यंत, मध्ये कुठेही न टेकवता. जमलं तर ही एकटी जाईल. नाही जमलं तर, अहो, तुम्ही रजा टाका."

दोघांनीही लगेच मान डोलावली. आपणच जिंकणार, अशी दोघांचीही खात्री होती.

दुकानात अलगदरावांनी एकेक बॅग उलटी करून तिची शिवण, कडा, मुठीचे खिळे तपासले. दुकानदार हसला. "काका, बॅग घेताय की जावई बघताय?"

"जावयाला मूठ नसते," अलगदराव म्हणाले.

"ही बघा, चार चाकं. एका बोटानं ढकला."

"जिन्यावर ढकलून दाखवा."

लेकीला कोपऱ्यातली लहान, करड्या रंगाची बॅग आवडली होती. तिनं ती पुढे केली.

"यात काय मावणार? रुमाल?" असं म्हणून त्यांनी दुकानातली सगळ्यात मोठी, निळी, जाड कापडाची बॅग दोन बोटांवर उचलली. "ही बघ. वजनच नाही."

"रिकामी आहे म्हणून!"

"मजबूत आहे. मोठी आहे. हीच घेऊ."

यात लबाडी होती का, असं बायकोनं घरी आल्यावर विचारलं. नव्हती, असं ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःला तसंच वाटत होतं.

रविवारी त्यांनी बॅग भरायला घेतली. पुस्तकं तळाशी, कपड्यांच्या घट्ट गुंडाळ्या, वर पांघरूण. लेकीला हवं होतं ते सगळं आत गेलं, तरी निम्मी बॅग रिकामी. दुसऱ्या कुणी चेन ओढून चहा मागितला असता. अलगदरावांना मात्र पोकळी दिसली. मग टेबलावरचा दिवा आला, त्याच्या टोपीत साबण आले. इस्त्री आली. बुटांच्या आत कुलपं गेली. कडेला दोरीचं वेटोळं बसलं, आणि दोरीच्या पोटात हातोडी.

"हातोडी?" लेक किंचाळली. "मी शिकायला चाललेय बाबा, घर बांधायला नाही."

"खिळा ठोकायचा झाला तर? आणि तिथे फट राहत होती."

शेवटी त्यांनी बॅग हलवून कान लावला. हूं नाही की चूं नाही. समाधानानं ती एका हातात घेऊन ते खाली गेले आणि दारापाशी ठेवली.

लेकीनं मूठ धरली. पहिला जिना चढली. दुसऱ्या जिन्यावर तिचे खांदे वाकडे झाले, बॅग गुडघ्यावर आपटू लागली. वळणापाशी तिनं ती खाली टेकवली आणि पायरीवर बसली.

"जिंकलात," ती म्हणाली. रडली नाही.

अलगदरावांनी सवयीनं बॅग उचलली आणि चार पायऱ्या वर गेले. मागून पावलं ऐकू येईनात म्हणून वळून पाहिलं. ती तशीच बसून तळहातावरचे लाल वळ बघत होती.

त्यांच्या कामात एक रीत होती. जिन्यात खोकं टेकलं, तर उचलणाऱ्याला कुणी बोल लावत नसे. बोल लागायचा तो भरणाऱ्याला. आजवर अलगदरावांनी भरलेलं खोकं जिन्यात टेकलं नव्हतं.

ते चार पायऱ्या खाली उतरून तिच्या शेजारी बसले.

"तू हरली नाहीस," ते म्हणाले. "भरणाऱ्याचं चुकलं."

"म्हणजे?"

"म्हणजे चल. दुकान बंद व्हायच्या आत जाऊ."

दुकानदारानं निळी बॅग फिरवून फिरवून पाहिली. "फाटली? चेन अडकते?"

"नाही हो. हिच्यात फार मावतं."

"अशी तक्रार घेऊन येणारे तुम्ही पहिलेच, काका."

या वेळी अलगदरावांनी एकाही बॅगेला हात लावला नाही. "तू उचलून बघ," एवढंच म्हणाले. ती करड्या बॅगेपाशीच गेली.

लहान बॅग भरताना त्यांना फट शोधावी लागली नाही. इस्त्री आणि हातोडी आपापल्या जागी परतल्या. लेक तिन्ही जिने चढली, धापा टाकत, पण न टेकवता. मागून अलगदराव रिकाम्या हातांनी येत होते. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी कठडा धरला. दारात आई उभी होती.

"रजेचा अर्ज?"

"नको," ते म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

निघायच्या सकाळी बसच्या पोटात एक माणूस लोकांचं सामान भिरकावत होता. अलगदरावांना ते बघवेना. "अहो, असं कुठे टाकतात का!" म्हणत ते कमरेपर्यंत आत शिरले. जड तळाशी, नाजूक वर, फटीत गाठोडी. अनोळखी माणसांचं सगळं सामान त्यांनी नीट लावून दिलं.

"काका, उद्यापासून या कामाला," तो माणूस कमरेवर हात ठेवून म्हणाला.

अलगदराव हात झटकत बाहेर आले. पुढच्या कडेला एक जागा त्यांनी मोकळी सोडली होती. तो माणूस लेकीची बॅग घ्यायला पुढे झाला.

"राहू द्या," अलगदराव म्हणाले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. "ती ठेवेल."

तिनं बॅग उचलली आणि त्या जागेत सरकवली. बरोबर बसली. तिनंच ती एकदा हलवून पाहिली, कान लावला आणि बापाकडे बघून मान डोलावली.

त्या माणसानं झाकणाला हात घातला.

"अलगद," अलगदराव म्हणाले.

झाकण धाडकन लागलं.