धुम्मस मारलेली बाग

गवंड्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा, कारण नळाला पाणी तेव्हाच यायचं. पाणी भरून, डबा घेऊन तो कामावर जायचा. त्याच्या भिंतीला ओळंबा लावला, की दोरीच लाजायची.

पण इमारत उभी राहिली की काम संपायचं. दुसरं मिळेपर्यंत घरात पहिली सुट्टी भाजीला. नुसता भात. धाकटी तो चिवडायची आणि विचारायची, "बाबा, आजपण पांढरंच?"

यंदा इमारतीचा शेवटचा मजला चढायला लागला, तसा तो बायकोला म्हणाला, "या खेपेला काम थांबलं तरी ताटात हिरवं दिसेल. गच्चीवर भाजी लावतो."

"तुम्ही?" बायको हसली. "तुम्हाला विटांशिवाय काय पिकवता येतं?"

गवंडी पेटला. रोज कामावरून आला की गच्चीवर. कामावरच्या मालकाला विचारून तुटक्या विटा आणल्या, वाफे बांधले, गिलावा केला. चार जिने चढून घमेल्यांनी माती वाहिली. खांदा सुजला, पण कोपरे काटकोनात आले. मग त्याने जन्मभर जे केलं तेच केलं. धुम्मस उचललं आणि माती ठोकून ठोकून बसवली. भुसभुशीत भरावावर काही उभं राहत नाही, हे कोणत्याही गवंड्याला विचारा. वरून थापी फिरवली, पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध.

त्यावर बी पेरून त्याने पाणी मारलं. पाणी जागचं हललं नाही. दुसऱ्या दिवशी वाफ्यात कावळे अंघोळ करत होते आणि बिया होड्यांसारख्या फिरत होत्या.

बायको वर आली. मातीवर टाच मारली. टाच दुखली.

"अहो, भाजी लावायची होती की फरशी बसवायची होती?"

"माती बसायला नको?"

"मूळ कुठे बसेल मग? तुमच्या डोक्यावर?"

खालच्या मजल्यावरची शिंपीण जिन्यातून ओरडली, "गवंडीभाऊ, राहू द्या तशीच! आम्ही वर कपडे बडवू!"

सगळ्या जिन्यात हशा पिकला. गवंड्याला मात्र इमारतीचा शेवटचा मजला दिसत होता. स्लॅब पडला की हात रिकामे. त्याने टिकाव घेतला. आपणच ठोकलेलं आपणच फोडणं, यासारखी मजुरी नाही. प्रत्येक ढेपेला तो स्वतःला शिव्या घालत होता आणि शेजारी बायको पालापाचोळा, भाजीची देठं, वाळलेलं शेण कालवत होती. शेवटी त्याने कष्टाने बांधलेल्या वाफ्यांना तळाशी भोकं पाडली. ते काम करताना त्याने तोंड फिरवून घेतलं होतं.

पालक आला. मग गवार. दुधीने तर कहरच केला. गवंड्याने त्याला सरळ चढायला ओळंब्याची दोरी बांधून दिली होती. दुधी दोरीकडे ढुंकूनही न बघता कठडा ओलांडून खाली उतरला.

एका सकाळी शिंपीण किंचाळली, "गवंडीभाऊ! तुमचा दुधी माझ्या खिडकीतून आत आलाय! मशीनवर बसलाय!"

"मग त्याला सदरा शिवा!" गवंडी वरून ओरडला. "आणि राहू द्या, वहिनी, तो तुमचाच!"

त्याच आठवड्यात काम थांबलं. दर वर्षी तो या दिवशी मान खाली घालून घरी यायचा. यंदा बायकोने दारातच सुरी हातात दिली. "चिरायला बसा. मी दमले." घरातल्या एवढ्याशा पातेल्यात दुधी मावेना. अर्धा शिजायचा, अर्धा वाट बघायचा. झाकण पालकावर बसायचं, पालक झाकणासकट उठायचा. काम बंद असेपर्यंत ताट एकदाही कोरडं राहिलं नाही. उलट धाकटी कपाळावर हात मारून म्हणाली, "बाबा, आजपण हिरवंच?"

गवंडी इतका हसला, की त्याला ठसका लागला.

नवी इमारत मिळाली. पहिल्या मजुरीतून त्याने एक भलंमोठं पातेलं आणलं. शेगडीवर ठेवलं आणि सवयीने काठावर पाणसळ धरली.

"खबरदार!" बायको म्हणाली. "आता यात धुम्मस मारलंत तर!"