चुलीत भाजलेला प्लग

त्या बुधवारी सकाळी मी स्वयंपाकघरातल्या गॅसवर मोटारसायकलचा स्पार्क प्लग भाजला. शेजारच्या शेगडीवर तवा होता, तव्यावर बाजरीची भाकरी होती आणि बायको पुढची भाकरी थापत होती. चिमट्यात धरलेल्या प्लगवरचं ओलं, चिकट तेल भप्पकन पेटलं. मी दचकलो, चिमटा सैल झाला आणि प्लग थेट भाकरीवर जाऊन बसला. मी तो उचलेपर्यंत भाकरीच्या मधोमध एक सुबक षटकोनी ठसा उमटला होता. आता काय ऐकावं लागणार म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. स्वयंपाकघर जळक्या तेलाच्या निळ्या धुरानं भरलं होतं. बायकोनं पिठाचे हात तसेच हवेत धरले, डोळे अर्धवट मिटले आणि खोल श्वास घेतला. "नाना आले असं वाटलं," ती म्हणाली. मग भानावर येऊन म्हणाली, "ही भाकरी तुम्हाला." ती मी निमूटपणे खाल्ली.

नाना म्हणजे माझे सासरे. जनावरांचे डॉक्टर. त्यांची सगळी नोकरी जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात गेली. तिकडे तेव्हा डांबर फाट्यापर्यंत यायचं आणि तिथंच थकून बसायचं. पुढं माळ, ओढ्याची वाळू आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. अशा वाटांसाठी नानांनी एक गाडी मिळवली होती. दोन-स्ट्रोक, उंच बांध्याची. मडगार्ड चाकापासून वीतभर वर, सायलेन्सर मांडीजवळून मागं गेलेला. दुरून ती गाडी शेपटी वर करून उधळलेल्या कालवडीसारखी दिसे. ती पेट्रोलात मिसळलेलं तेल पिई, त्यातलं बरंचसं धुराच्या रूपानं परत करी आणि उरलेलं प्लगवर थापी. मग ती कुठंतरी बंद पडे. नाना प्लग काढत आणि जवळच्या वस्तीवर जाऊन चुलीपाशी उभे राहत. निखाऱ्यात प्लग लाल होईस्तोवर भाजला, की तेल जळून जाई आणि गाडी चालू होई. दसऱ्यानंतर अर्धी वस्ती ऊसतोडीला गेलेली असायची. मागं राहिलेल्या म्हाताऱ्या राख उकरून निखारा काढून देत. त्यांना या विधीची इतकी सवय झाली होती, की नाना दारात दिसले की एखादी विचारायची, "डाक्तर, आदी गाय बगता का आदी तुमचा पलग भाजू?"

लग्न नवं असताना मी एकदा नानांबरोबर मागच्या सीटवर बसून गेलो होतो. जावयाला आपलं राज्य दाखवावं, असा त्यांचा बेत असावा. त्या दिवशी त्यांनी गाडी तीनदा बंद पडू दिली आणि तिन्ही वेळा मला प्लग वाचायला शिकवला. ते म्हणाले, "गाय आन् गाडी, दोघींनाबी बोलता येत न्हाई. जीभ बगायची." प्लगचं टोक भाजलेल्या शेंगदाण्याच्या फोलपटासारखं तांबूस असलं, तर तब्येत उत्तम. पांढरंफटक पडलं, तर अंगात ताप. काळं आणि ओलं असलं, तर अन्न पचत नाही. मी शहाण्यासारखी मान डोलवली. मान डोलवणं हा माझा जुना गुण आहे. आयुष्य विजेच्या कचेरीत गेलं, पण बिलांच्या टेबलावर. त्यामुळं वीज येते कुठून आणि जाते कुठं, यावर मी चोवीस वर्षं नुसती मानच डोलवत आलो आहे.

नाना गेल्यावर गाडी नेवाशाला मेहुण्याच्या गोठ्यात पडून राहिली. तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या. यंदा गोठा पाडायचा ठरला आणि पुण्याच्या कुणा शौकीन माणसानं गाडीला मागणी घातली. बायकोला हे फोनवर कळलं. पुढचे दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं. तिसऱ्या दिवशी मीच मेहुण्याला फोन लावला आणि गाडी आम्ही ठेवतो म्हणालो. मेहुणा हसला. "दाजी, तुमी तिचं काय करनार? गोठ्यातली केडगावात आनून उभी करनार, एवडंच ना? त्यापरीस ज्याला तिची कदर हाय त्याच्याकडं जाऊ द्या." मी म्हणालो, चालू करतो. तो म्हणाला, "व्हय? मग घिऊन जा. फुडच्या शनवारी ती पार्टी यनार हाय. त्या दिशी चालवत नेवाशाला आना. आनली तर गाडी ताईची. टेम्पोत घालून आनली तर पार्टीची." गाडी टेम्पोनं केडगावला आमच्या दारात आली, तेव्हा बायकोनं तिच्या टाकीवरून ओला फडका फिरवला आणि म्हणाली, "जमेल तुम्हाला?" मी मान डोलवली.

मग आमचं दार म्हणजे यंत्रशाळा झाली. किक मारली की गाडी खोकायची, एखादा निळा उसासा टाकायची आणि गप्प. प्लग काढावा तर काळा, ओला. मी नवा घातला. तोही काळा. तिसरा घातला. मोबाईलवर व्हिडिओ बघितले, हॅक्सॉच्या पात्यानं प्लगची फट मोजली, पॉलिश पेपरनं टोक घासलं. प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवून किक मारली, की ठिणगी दिसायची. पिवळट का होईना, पण दिसायची. मग आत का पेटत नाही? भिंगारच्या एका जुन्या मिस्त्रींना फोटो पाठवला. त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, जीभ घासून अपचन जातं व्हय?" मला तो टोमणा वाटला. ते निदान होतं, हे कळायला शुक्रवार उजाडला. तोवर बुधवारचा भाकरीप्रसंगही उरकला होता.

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर बायको गाडीपाशी पाटावर बसलेली. इंजिनाचं बाजूचं झाकण उघडलेलं. आत लोहचुंबकाचं जड चाक असतं. ते फिरतं तेव्हा गाडी स्वतःची वीज स्वतः तयार करते. त्या चाकाला खिडक्या असतात. बायको ते चाक हातानं सावकाश फिरवत एका खिडकीतून आत बघत होती.

"हे बघा," ती म्हणाली. आत दोन इवलीशी धातूची टोकं होती. चाक फिरलं की ती एकमेकांना टेकत आणि सुटत. "यांना पॉइंट म्हणतात. टेकतात तेव्हा वीज साठते. सुटतात त्या क्षणी ती प्लगकडे धावते. गोठ्यातल्या दमट हवेनं यांच्यावर बुरशीसारखा थर चढलाय. धावणार कशी?"

"पण ठिणगी पडते ना!"

"बाहेर मोकळ्या हवेत पडते. आत दाब असतो. तिथं अर्धमेली ठिणगी विझते. मग पेट्रोल जळत नाही, प्लग ओला होतो आणि तुम्ही नवा प्लग आणता."

"तुला हे कोणी शिकवलं?"

"नानांनी. धाकट्या भावाला चालवायला शिकवलं, मला उजेडासाठी बॅटरी धरायला बसवलं. बॅटरी धरणाऱ्याला सगळं दिसतं."

"आठ दिवस मी झटतोय. सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? आणि मला वाटलं, विजेच्या कचेरीतला माणूस आहे, काहीतरी वरचं चाललं असेल."

पॉइंट साफ करायला पॉलिश पेपर चालत नाही, कण मागं राहतात, असं तिचं म्हणणं. नाना त्यासाठी लग्नपत्रिका वापरत. आमच्याकडं पत्रिकांचा तुटवडा कधीच नसतो. तिनं गठ्ठ्यातून एक एक काढून बोटांनी चाचपली. सोनेरी छपाईची नको, वर्ख सुटतो. गुळगुळीत नको, घासत नाही. शेवटी एका साध्या, खरखरीत पत्रिकेची पट्टी कापून तिनं ती दोन टोकांमध्ये सरकवली आणि ओढली. पट्टीवर काळी रेघ उमटली. पुन्हा ओढली, रेघ फिकट झाली. पाचव्यांदा पट्टी कोरी निघाली. "मारा किक," ती म्हणाली.

पहिल्या किकला गाडी चालू झाली. नुसती चालू नाही. सगळ्या गल्लीला कळेल अशी. समोरचे काका निळ्या धुरातून हातवारे करत काहीतरी ओरडत होते, ते अभिनंदन नसावं.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. नगर ओलांडून नेवाशाच्या वाटेला लागेपर्यंत मी गिअर इतक्या धसक्यानं बदलले, की बायकोच्या मांडीवरचा डबा दोनदा माझ्या पाठीत बसला. घोडेगाव मागं पडल्यावर मात्र इंजिनाचा सूर लागला. मेहुण्याच्या अंगणात शिरलो, तेव्हा पुण्याचे पाहुणे चहा घेत होते. मेहुणा आवाज ऐकूनच उठला होता. गाडीच्या हेडलाइटवर त्यानं हात ठेवला. मग नाक पुसत पाहुण्यांना म्हणाला, "राग मानू नका. गाडी ताईची झाली." मी प्लग काढून दाखवला. शेंगदाण्याच्या फोलपटासारखा तांबूस.

माणूस गेल्यावर मागं काय उरतं, हे शोधायला आपण फोटो आणि कपाटं धुंडाळतो. मला वाटतं, उरते ती माणसाची एखादं काम करायची तऱ्हा. ती कुणाच्या तरी बोटांत गुपचूप जाऊन बसते आणि वर्षानुवर्षं कुणी विचारायची वाट बघते. लग्नानंतरची तेवीस वर्षं मी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी घरी परतल्यावर, काहीतरी हळवं ऐकायला मिळेल या आशेनं मी बायकोला विचारलं, "मग? वाटेत नाना आठवले का?"

"आठवले की," ती हेल्मेट काढत म्हणाली. "नाना वळणावर हॉर्न वाजवायचे. तुम्ही डोळे मिटता. आरशात दिसत होतं मला. उद्यापासून मी शिकते. तुम्ही मागं बसा आणि हवे तेवढे मिटा."