खोपकरकाकांचा थोरला

नोएडात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे खोपकरकाका नव्या माणसाला न चुकता सांगत, "मला दोन मुलगे. धाकटा पुण्याला असतो, थोरला इथेच आहे." मी तेव्हा नवीनच राहायला आले होते आणि लग्नं जुळवायची मला भारी खोड. मावसबहिणीची मुलगी लग्नाची होती, म्हणून थोरल्याची चौकशी केली. काकूंनी शांतपणे चहात साखर ढवळली.

"परीक्षा सगळ्या पास झालाय," त्या म्हणाल्या, "नोकरी तेवढी लागली नाही. आणि वजन साठ टन आहे. मुलीला चालत असेल तर बघ."

थोरला म्हणजे रणगाडा. सरकारी कारखान्यात काकांनी उभी हयात त्याच्यावर घालवली होती. एकच नमुना बनला. तो वाळूत धावला, चिखलातून निघाला, नेमही बरोबर साधला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की सरहद्दीच्या वाटेवरचे पूल त्याचं वजन पेलणार नाहीत. लष्कराने लांबूनच नमस्कार केला. काका मात्र शेवटपर्यंत दोष पुलांनाच देत. "पोराला कपडे लहान झाले, तर पोराला छाटतात का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. यावर काकू म्हणत, की धाकट्याचे कपडे तरी यांनी कधी बघितले होते का.

थोरला दिल्लीबाहेर त्याच कारखान्याच्या मागच्या आवारात गवतात उभा होता. निवृत्त माणसाला एरवी आत सोडत नसत, पण खंडेनवमीला तिथे यंत्रांची पूजा होई, तेवढा एक दिवस काकांना मुभा होती. गाडी माझी, झेंडूचा हार, नारळ आणि लिंबू त्यांचं. नवी गाडी बाहेर काढताना आपण चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडतो ना, तसं ते दरवर्षी रणगाड्याच्या पट्ट्यासमोर लिंबू ठेवत. त्याचं इंजिन केव्हाच काढून नेलेलं, तो हलणार कसा? आमची पाठ वळली की फाटकावरचे यादवजी त्या लिंबाची शिकंजी करून पीत आणि पुढच्या वर्षी इमानाने सांगत, "अंकल, नींबू फिर बच गया।"

काका हसत. एकदा परत येताना मात्र खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला बक्षीस नको, सत्कार नको. त्या लिंबावरून तो एकदा गेला असता, तर बरं वाटलं असतं." मी उगाचच हॉर्न वाजवला.

पुढे त्याला भंगारात काढायचा हुकूम निघाला. यादवजींनीच फोन केला. खंडेनवमी लांब होती, तरी काका घरच्याच चपलांवर माझ्या गाडीपाशी आले, मुठीत लिंबू. फाटकावर यादवजींनी आमच्याकडे पाहिलंच नाही, म्हणजे आत सोडलं. कंत्राटदाराची माणसं रणगाड्याला साखळ्या बांधून ओढायच्या तयारीत होती. काकांनी सगळ्यांना थांबवलं, गुडघे धरत वाकले आणि पट्ट्याला अगदी चिकटून लिंबू ठेवलं.

"अब खींचो," ते म्हणाले.

साखळ्या ताणल्या. थोरला कुरकुरत वीतभर पुढे सरकला, आणि साखळीच तुटली. कंत्राटदार शिव्या देत गेला तो परत आला नाही. काका मात्र जमिनीवर बसून तो पिवळा चोथा बघत होते. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही भान नव्हतं. तिथूनच त्यांनी काकूंना फोन लावला. "अगं, लागला," एवढंच म्हणाले, "थोरला कामाला लागला एकदाचा."

त्याच थंडीत काका गेले. कारखान्याने हार मानून थोरल्याला रंग दिला, भोवती कुंड्या मांडल्या. पुढच्या खंडेनवमीला काकू पहिल्यांदाच माझ्याबरोबर आल्या. थोरल्याला हार घालून त्यांनी बराच वेळ त्याच्या लोखंडावर हात ठेवला. मी पिशवीतून लिंबू काढून वाकले, तर ते त्यांनी माझ्या हातून घेतलं आणि यादवजींना देऊन टाकलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तो आता रिटायर झालाय."