इथे बालोते खेळू नये

काय काम करतेस, असं कुणी विचारलं की सेन्का कालितेर्ना सांगायची, "मी चौक करते." समोरचा हसायचा. चार घरं समोरासमोर आली की चौक आपोआप होतो, असंच आम्हा स्प्लिट शहरातल्या लोकांना वाटतं. आमचे जुने चौक आमच्या जन्माआधीपासून भरलेलेच आहेत ना!

पण शहराच्या पूर्वेला, जुन्या साबण कारखान्याच्या जागी जी वसाहत उभी राहिली, तिथला चौक काही केल्या भरेना. वर घरं, त्याखाली कचेऱ्या, तळाला बेकरी, न्हावी आणि दवाखाना, आणि मधोमध सेन्काने आखलेला चौक. झाडं लावली, बाकं मांडली, कारंजं उडवलं. लोक यायचे, पाव घ्यायचे आणि चालू लागायचे. शेवटी बिल्डर झ्वोनिमिर साहेबांनी सांगून टाकलं, की उन्हाळा संपेपर्यंत माणसं दिसली नाहीत तर तिथे गाड्या लावू. सेन्काची झोपच उडाली. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे आराखडे गिरवल्यावर तिला हा पहिला स्वतःचा चौक मिळाला होता.

चौक का भरत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते कारण तिच्याच घरात राहत होतं. कारखान्याच्या भिंतीलगत पूर्वी बालोते खेळायची लांबट पट्टी होती. एक छोटा गोळा आधी टाकायचा आणि मग प्रत्येकाने आपला मोठा गोळा त्याच्या जवळ न्यायचा. खेळ एवढाच, बाकी सगळं भांडण. वसाहतीचा पाया खणताना ती पट्टी गेली आणि तिचे वडील श्पिरो व त्यांची म्हातारी टोळी रुसली. ते आता रस्त्यापलीकडे, बसथांब्यामागच्या खाचखळग्यांत खेळायचे. श्पिरो तर लेकीशी बोलणंही टाकून बसले होते. आणि आमच्याकडे म्हातारे जिथे भांडतात तिथेच नातवंडं येतात, नातवंडांमागे सुना येतात.

सेन्काने साहेबांच्या हातापाया पडून कारंजं काढलं आणि नवी पट्टी करून घेतली. बारीक खडी, लाकडी कडा, वर तुतीची सावली. छापील आमंत्रणं गेली, वाइन आली, फीत बांधली. एक म्हातारा फिरकेल तर शपथ! साहेबांनी एकट्यानेच फीत कापली आणि जाताना रंगाऱ्याला फोन केला, की सोमवारी येऊन गाड्यांसाठी पांढरे पट्टे मार.

आईच्या स्वयंपाकघरात बसून सेन्का रडली. आई पालेभाजी निवडत होती.

"तू त्याला आमंत्रण दिलंस? अगं वेडे, तुझा बाप बोलावल्यावर कधी कुठे गेलाय? दाताच्या डॉक्टरकडे मी त्याला कसा धाडते माहितीये? खबरदार जाशील तर, म्हणते."

सेन्का ताडकन उठली. दिश्पेत! दुसऱ्याची जिरवायला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारा आमचा तो लाडका हट्ट! त्याच घरात वाढून तिच्या हे लक्षात येऊ नये म्हणजे कमाल झाली. रविवारी सकाळी पट्टीशेजारी लाल अक्षरांत फलक लागला: इथे बालोते खेळू नये. विशेषतः म्हाताऱ्यांनी.

संध्याकाळी ती बेकरीच्या काचेमागे उभी राहिली. आधी श्पिरोंचा दोस्त कुझ्मा आला, चष्मा लावून फलक वाचला आणि तरातरा परत गेला. थोड्याच वेळात आख्खी टोळी आली. पुढे श्पिरो, हातात गोळ्यांची पिशवी.

"कोण अडवतंय तेच बघतो," ते म्हणाले आणि त्यांनी पहिला गोळा टाकला.

मग काय विचारता! कुणाचा गोळा जवळ यावरून जुंपली. गच्च्यांवर माणसं आली, मग ती खाली उतरली. न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी बाहेर येऊन पंच झालं. बेकरीतला पाव संपला, पोरं पट्टीच्या लाकडी कडांवर चढून बसली. सेन्काला तर कुठे बघू आणि कुठे नको असं झालं.

उद्याच्या रंगकामासाठी जागा बघायला आलेले झ्वोनिमिर साहेब तिच्यापाशी येऊन उभे राहिले. "फलक तुझाच ना? मग हटव त्यांना."

"तुम्हीच सांगून बघा, साहेब. मग ते जन्मात हलायचे नाहीत."

साहेबांना हसू आलं, पण ते पुरते विरघळले नाहीत. "ही एका संध्याकाळची जत्रा आहे, सेन्का. उद्या कोण येणार आहे?"



तेवढ्यात श्पिरोंचा शेवटचा गोळा भरकटला आणि कुझ्मा जिंकला. श्पिरो तडक लेकीसमोर आले. कित्येक महिन्यांनी.

"खडी डावीकडे उतरती आहे."

नव्हती. तिने स्वतः पातळी तपासली होती. नाचता येईना अंगण वाकडं, हे अगदी ओठांवर आलं, पण तिने ते गिळलं.

"हो, बाबा."

"हो काय हो? नीट करून ठेव. उद्या दाखवतो या कुझ्माला."

सेन्काने साहेबांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं, आणि ते खिशातून फोन काढून उद्याचं काम रद्द करायला रंगाऱ्याचा नंबर शोधत होते. ती धावत पट्टीवर गेली, गुडघ्यांवर बसली आणि जिथे काहीच वाकडं नव्हतं तिथली खडी दोन्ही हातांनी सारखी करू लागली. डोळ्यांतल्या पाण्याने तिला नीट दिसत नव्हतं, आणि वरून सगळे म्हातारे एकदम सांगत होते, "डावीकडे, पोरी, अजून डावीकडे."