कंडक्टरबाईंची गाडी

चालत्या बसमध्ये तिकिटं देता देता आत्या मधेच वाकायची आणि खिडकीबाहेर बघायची. आमच्या बसला मागे टाकून एखादी बुटकी, लांब नाकाची गाडी पुढे निघून गेलेली असायची. ती दिसेनाशी होईपर्यंत आत्याच्या हातातलं मशीन तसंच थांबलेलं. समोरचा माणूस सुट्टे पैसे धरून उभा. मग भानावर येऊन ती त्यालाच सांगायची, "गेली पाहा. कशी पान्यावानी गेली!" त्या बिचाऱ्याला काही कळायचं नाही. तो म्हणायचा, "बाई, एक दिघोरी द्या."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. कारध्याला आमच्या घराला लागूनच तिचं घर. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन थोडी वर्षं झाली असतील, तेव्हा तिचा नवरा गेला. काका एसटीत ड्रायव्हर होते. साकोलीच्या अलीकडे समोरून आलेला ट्रक त्यांच्या बसवर आदळला. प्रवासी वाचले, काका वाचले नाहीत. त्यांना घरी घेऊन आले ते माझे बाबा. मूलबाळ नव्हतं. आत्याला अनुकंपा तत्त्वावर कंडक्टरची नोकरी लागली आणि त्याच महामार्गावर ती निवृत्त होईपर्यंत जात-येत राहिली. गाव तिला कंडक्टरबाईच म्हणायचं.

नोकरी तिच्या अंगात इतकी मुरली होती की लग्नाच्या पंगतीतसुद्धा ती दारात उभी राहून ओरडायची, "पुढं सरका, पुढं सरका, आंदर जागा आहे!" जयंतीच्या दिवशी विहारात गर्दी झाली की लोक तिलाच शोधायचे. ती आली की दोन मिनिटांत बायका एका अंगाला, माणसं एका अंगाला, पोरं समोर. कोणी कुरकुरलं तर म्हणायची, "जयभीम भाऊ. आता सरका." आवाज खणखणीत, पण रागाचा नव्हता. बसमध्ये एखादी म्हातारी झोपून गेली तर तिच्या गावच्या थांब्यावर हळूच खांद्याला हात लावून उठवायची. तेव्हा तिचा आवाज इतका मऊ व्हायचा की दुसरीच कोणी बोलते आहे असं वाटावं.

गाडी चालवायला ती नोकरीत असतानाच शिकली. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पुलावरून भंडाऱ्याला जायची आणि मोटर ट्रेनिंग स्कूलच्या खिळखिळ्या गाडीवर शिकायची. घरात कोणाला पत्ता नव्हता. लायसन्स हातात आल्यावर तिनं ते बाबांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. बाबा पोस्टात होते, मितभाषी. त्यांनी ते उलटून-पालटून पाहिलं, परत केलं आणि म्हणाले, "फोटो चांगला आला."

पुढे ती निवृत्त झाली, पैसे हातात आले आणि एका सकाळी अंगणात तिनं जाहीर केलं, "मले गाडी घ्याची आहे. थे बुटकी वाली. पळनारी."

मी तेव्हा नागपुरात नोकरीला लागले होते, सुट्टीला घरी आले होते. मला हसू आलं. बाबांना नाही आलं.

"बाई, घरावर स्लॅब टाक," ते म्हणाले. "गाडी कायले पायजे? अन् पायजेच असन त लहान घे एखादी."

"लहान नाही पायजे."

बाबा तिच्यासमोर येऊन बसले. मग म्हणाले, "ज्या रस्त्यानं जावई गेले, त्याच रस्त्यावर तू गाडी पळवशीन?"

आत्या तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही. "त्याच रस्त्यानं रोज जात होती ना मी, दादा. दुसऱ्याच्या भरवशावर." बाबा उठून आत गेले.

मला वाटलं, मला कळलं. मी हळूच विचारलं, "काकांना फार आवडायच्या का गं अशा गाड्या?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "त्याईले? त्याईले गाडीचं काहीच नव्हतं. घरी आले का पाय पसरून बसत, म्हनत, आता चाक दिसू देऊ नको मले. मलेच पायजे होती, पोरी. पयलेपासून."

अशी मोठ्या लोकांची गाडी नवी घेणं आमच्या सात पिढ्यांना जमलं नसतं. पण जुनी झाली की तिचा भाव झपाट्यानं उतरतो, हे आत्यानं कुठून तरी ऐकून ठेवलं होतं. मोबाईलवर जाहिराती शोधायचं काम माझ्याकडे आलं. तिच्या अटी ठरलेल्या होत्या. गाडी बुटकी पाहिजे, दम असलेली पाहिजे, गिअर हातानं टाकायचा पाहिजे आणि दारं चार पाहिजेत. चार का, तर "दादा मागं बसन ना." आणखी एक अट होती, ती मला तेव्हा कंजूषपणाची वाटली. हातातले सगळे पैसे गाडीत घालायचे नाहीत, काही दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे. "आनतानी सोपी असते गाडी. पोसतानी समजते."

पहिली गाडी पाहिली ती नागपुरात, वर्धा रोडवरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात. पांढरीशुभ्र, जर्मन, वरचं छप्पर काचेचं आणि किंमत आमच्या आवाक्यात. दलाल सगळं मलाच सांगत होता. "मॅडम, आंटीजींना मागे बसवा ना, एसी लावून देतो." आत्या सरळ स्टीअरिंगच्या मागे जाऊन बसली. दोन्ही हात चाकावर ठेवले, डोळे मिटले. तिच्या तोंडावर असं काही आलं होतं की मला वाटलं, झालं, हीच.

पण मी आदल्या दिवशी जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघून बसले होते. त्यात सांगितल्याप्रमाणे मी मागच्या सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढला. एरवी कधी बाहेर न येणाऱ्या त्या टोकावर चिखलाची वाळलेली रेघ होती. गाडी कुठल्या तरी पुरात बुडून आली होती. मी आत्याला हाक मारली. तिनं मागे वळून पट्टा पाहिला आणि परत समोर बघू लागली. बराच वेळ उतरलीच नाही.

बाहेर आल्यावर म्हणाली, "दार उघडलं तवाच वास आला होता मले. ओल्या गोनपाटाचा. पन उतराचं मन होत नव्हतं ना."

दुसरी गाडी काळी होती. मालक तरुण, श्रीमंताघरचा. त्यानं सायलेन्सर बदलून घेतला होता, चाकं रुंद बसवली होती. गाडी चालू केली तशी झाडावरचे कावळे उडाले. आत्या खळखळून हसली. "भाऊ, हे पळते कमी अन् बोंबलते जास्त." तोही हसला. ती गाडी तिथंच राहिली.

मग बरेच आठवडे काही जमलं नाही. एखादी पसंत पडायची तर तिचा नुसता गिअरबॉक्स गेला तर गाडीच्या किमतीएवढा खर्च. एखादीचे कागद नीट नसायचे. मी कंटाळले. आत्या नाही कंटाळली. पहिल्या बसनं नागपूरला यायची, माझ्या खोलीवर चहा घ्यायची आणि म्हणायची, "चाल."

तिसरी गाडी एका निवृत्त प्राध्यापकांची होती. निळी, जपानी, बाकीच्यांपेक्षा जुनी. बॉनेटवरचा रंग उन्हानं विटलेला. आतल्या कातडी सीटला एका जागी भेग. पण इंजिन चालू केलं तेव्हा मला वाटलं चालूच झालं नाही, इतकं शांत. प्राध्यापकांचे गुडघे गेले होते, क्लच दाबवत नव्हता. त्यांनी आत्याला विचारलं, "काय कामासाठी हवी आहे गाडी?"

"काम काही नाही. फिरायले."

त्यांनी मान डोलावली आणि किल्ली घेऊन माझ्यापुढे केलेला हात तसाच वळवून ती आत्याच्या हातात दिली. "जरा दामटा. तिला बरं वाटतं."

बाहेरच्या रिंग रोडला दुपारची रहदारी तुरळक होती. आत्यानं आधी जपून, मग जरा हिमतीनं, मग एका सरळ टप्प्यावर खरोखर दामटली. पाठ सीटला चिकटली माझी. मग तिनं वेग उतरवत आणला, गाडी बाजूला घेतली आणि थांबली.

"काय झालं? घाबरलीस?"

"नाही वं." तिनं पदरानं डोळे पुसले. "इतकी वर्सं ड्रायव्हरची पाठ पाहिली. समोर एवढा रस्ता असते हे मालूमच नव्हतं."

गाडी कारध्याला आली तेव्हा अख्खी गल्ली बाहेर आली. बाबा आले नाहीत. ते व्हरांड्यातून बघत होते. गाडीचं पोट गावातल्या गतिरोधकाला घासायचं, म्हणून आत्या तिथं तिरपी काढायची आणि पोरं दोन्ही बाजूंनी सूचना द्यायची. पहिल्याच पावसाळ्यात क्लच गेला. बाजूला ठेवलेले पैसे तिथं लागले. सगळे म्हणाले, बघा, पांढरा हत्ती. ती म्हणाली, "याच्याचसाठी ठेवले होते ना," आणि गाडी सुधरेपर्यंत बसनं फिरली. निवृत्त कर्मचाऱ्याचा पास तिच्याकडे होताच.

बाबा मात्र त्या गाडीत बसायला तयार नव्हते. वाद नाही, भांडण नाही. फक्त बसत नव्हते. आत्याही आग्रह करत नव्हती. असं वर्ष गेलं असेल.

मग दिघोरीला आमच्या नात्यात एक लग्न निघालं. बाबांची बस चुकली. ते नाक्यावर पिशवी घेऊन उभे, आणि आत्या आणि मी गाडीनं निघालेल्या. आत्यानं गाडी त्यांच्यासमोर थांबवली, काच खाली केली. बाबांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. मग मागचं दार उघडून बसले.

"दादा, मागं बसला त तिकीट लागन," आत्या म्हणाली.

मला आयुष्यात पहिल्यांदा बाबा मोठ्यानं हसलेले ऐकू आले. ते उतरले. मी मागे गेले, ते पुढे. साकोली जवळ येऊ लागली तसा आत्यानं वेग कमी केला. ती जागा आम्हा तिघांनाही ठाऊक होती. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, लोंब्या वाकलेल्या. दोघंही समोर बघत होते. बाबांनी फक्त हात लांबवून तिच्या खांद्यावर ठेवला आणि ती जागा मागे जाईपर्यंत काढला नाही.

त्यानंतर ती दोघं नेमानं बाहेर पडू लागली. कधी पवनीला, कधी गोसीखुर्द धरणाचं पाणी बघायला. बाबा सांगायचे, "तिथी चहा चांगला भेटते." एवढ्या लांब चहासाठी कोणी जात नाही, हे दोघांनाही माहीत होतं. मला गाडी चालवायला आत्यानंच शिकवलं. ती ओरडायची नाही. चूक झाली की नुसती म्हणायची, "परत."

आजारपण तिला फार दिवसांचं मिळालं नाही. पोटात दुखतंय म्हणून नागपूरला दाखवायला गेली तीसुद्धा स्वतः गाडी चालवत. परत येताना चाक माझ्याकडे होतं आणि ती मागे आडवी. पुढच्या थंडीत ती गेली, तिच्याच घरात, बाबा उशाशी असताना.

विधी झाल्यावर पाहुण्यांना स्टँडवर सोडायला मी गाडी काढली. बाबा शेजारी येऊन बसले. आत्या बुटकी होती, सीट पार पुढे ओढलेली. दुखण्याच्या शेवटच्या महिन्यातही ती अंगणातल्या उभ्या गाडीत जाऊन बसायची. माझे गुडघे स्टीअरिंगला टेकत होते. सीट मागे घ्यायला मी खालच्या दांड्याला हात घातला, तेव्हा बाबा म्हणाले, "आज राहू दे."

मी तशीच, गुडघे आखडून, वैनगंगेचा पूल पार केला आणि परत आले. मागे बसलेल्या पाहुण्यांना काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला नागपूरला कामावर जायचं होतं. बाबा अंगणात आले. त्यांनी स्वतःच दार उघडलं, वाकून दांडा शोधला आणि सीट मागे सरकवली, माझ्या पायांच्या मापानं.

"बस," ते म्हणाले. "पाहा बरं, पाय पुरतात का."